कर्म कुठे आहे?

"जो हरवलाय तो सांगायला येईल कसा, बाई? सांगायला आला म्हणजे सापडलाच की!" असं मी म्हणालो आणि खोलीतले सगळे हसले. सगळे म्हणजे आम्ही चौघंच. शिवाय कोशाच्या कचेरीत दिवसभरात हसण्यासारखं फार काही होत नसल्यामुळे माझ्या असल्या वाक्यांना बरा भाव असतो, आणि तो मला आवडतो, हेही सांगून टाकतो. इंग्रजी शब्दांचे मराठीत अर्थ देणारा मोठा कोश आम्ही गेली अकरा वर्षं करतोय आणि आत्ता कुठे निम्मी वाट चाललोय. प्रूफं तपासणाऱ्या बाईंच्या पुढ्यात त्या दिवशी 'मिस' या क्रियापदाचं पान होतं. नोंद माझी होती. बाईंचं म्हणणं इतकंच होतं की 'मिसिंग' म्हणजे बेपत्ता, हे ठीक. पण तुम्ही दिलेली उदाहरणं सगळी दुसऱ्याबद्दलची आहेत. मूल मिसिंग आहे, फाइल मिसिंग आहे, सदऱ्याचं बटण मिसिंग आहे. माणसाला स्वतःबद्दल म्हणता येत नाही का, आय अ‍ॅम मिसिंग? त्यावर मी ते वाक्य टाकलं. सगळे हसले, बाईही हसल्या, मीही हसत होतो, आणि हसता हसता एकदम अडखळलो. जिना संपलाय हे लक्षात न येता पुढच्या पायरीसाठी पाय टाकावा, तसं. बाई म्हणाल्या, "आधार नसेल तर सोडून देते." आमच्याकडे नियम आहे, कुठलंही उदाहरण मनचं द्यायचं नाही, ते कुणी, कुठे, कधी लिहिलं याची चिठ्ठी कार्डाला जोडलेली हवी. आधार होता. निळ्या शाईत लिहिलेला, तारीख घातलेला, माझ्याच पत्त्यावर आलेला. मी म्हणालो, "सोडून द्या."

या क्रियापदाने मला तीन आठवडे छळलं होतं. दिसायला चार अक्षरांचं, शाळकरी पोरालाही येणारं. आणि असलेच शब्द जिवावर उठतात. मोठमोठे लॅटिन शब्द बिचारे एक अर्थ घेऊन येतात, तेवढा दिला की निमूट जातात. हे मात्र नेम धरला आणि लागला नाही तरी मिस. गाडी गेली, मिस. शाळा बुडवली, मिस. समोरच्याच्या बोलण्यातला मुद्दा कळला नाही, मिस. अपघातातून थोडक्यात वाचलो, तेही मिस. आणि दूर गेलेल्या माणसावाचून करमेनासं झालं, तर पुन्हा मिसच. मी चौदा अर्थ पाडले होते. चुकणे, हुकणे, चुकवणे, टळणे, टाळणे, निसटणे, नजरेतून सुटणे, राहून जाणे, बुडणे, उणीव भासणे, आठवण येणे. पाडताना मजा वाटली होती, कारण आपली भाषा या बाबतीत फार सोयीची आहे. गाडी चुकली म्हणतो आपण, जणू चूक गाडीची. आठवण येते, आपण काही करत नाही, ती येते, दार वाजवून. लक्षात येत नाही, राहून जातं, हातून होतं, डोक्यातून निघून जातं. कर्ता शोधायला जावं तर घरात कुणीच नसतं. इंग्रजीत तसं चालत नाही. तिथे मिस करणारा कुणीतरी माणूस लागतो, आणि त्याने काय मिस केलं तेही सांगावं लागतं. क्रियापद सकर्मक आहे. हे वाक्य मी सहा वर्षांपूर्वी लाल शाईत लिहिलं होतं. त्याच्याखाली आणखी एक लिहिलं होतं: कर्म कुठे आहे?

बाबा पोस्टमन होते. चौतीस वर्षं. शहराच्या जुन्या भागातली साडेसहाशे दारं त्यांना तोंडपाठ होती. कुठल्या दाराची कडी वाजवायची, कुठल्या घरी नुसतं नाव पुकारलं तरी पुरतं, कुठला कुत्रा भुंकतो आणि कुठला न भुंकता येतो. पाकिटावरचं इंग्रजी त्यांना सगळं वाचता यायचं, गिचमिड अक्षरसुद्धा, पण ते फक्त पत्त्याचं इंग्रजी. केअर ऑफ, बिहाइंड, निअर, अपोझिट. निवृत्त झाल्यावर दहा-बारा वर्षं ते गप्प गप्प होते आणि मग एका रविवारी मला म्हणाले, "आयुष्यभर पाकिटं वाचली. आता आतलं वाचायचंय. मला इंग्रजी शिकव." मला तेव्हा भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू. मी त्यांना माझाच एक छोटा कोश दिला, खिशात मावणारा, मराठीतून इंग्रजी. तरुणपणी एका प्रकाशकासाठी घाईघाईत उरकलेला. आणि ठरलं असं, की त्यांनी आठवड्याला एक पत्र इंग्रजीत लिहायचं आणि मी ते तपासून परत पाठवायचं. आमच्या दोन्ही घरांत बसने पाऊण तासाचं अंतर. मी म्हणालो, "मी येतोच की रविवारआड, तेव्हा बघीन." तर ते केवढे दुखावले! "पत्र पोस्टानेच यायला हवं," ते म्हणाले. "हातात दिली ती चिठ्ठी. आणि लाल शाईने तपास. लाड नकोत. गुण दे. चूक झाली ती दहादा लिहून काढीन, शाळेत काढायचो तसं." ताई स्वयंपाकघरातून ओरडली, "आणि अंगठे धरून उभं कोण करणार?" बाबा म्हणाले, "ते तुझ्याकडे."

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. बालवाडीत शिकवायची. लग्न तिने केलं नाही, म्हणजे आधी आई आजारी म्हणून राहून गेलं आणि मग आई गेली म्हणून. पुन्हा तेच, राहून गेलं. ती बाबांबरोबर राहायची आणि मी रविवारआड जाऊन, तिच्या हातचा चहा पिऊन, घरात काय काय सुधारायला हवं ते सांगून परत यायचो. मला ती पंडित म्हणते. त्यात निम्मं कौतुक असतं आणि निम्मी चेष्टा, आणि निम्मं कुठलं हे मला पन्नाशी उलटली तरी ओळखता आलेलं नाही. त्या घरात एक नियम होता, बाबांनी घातलेला, आम्हाला वाचता यायला लागल्यापासूनचा: दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही. उघडं पडलेलं असलं तरी नाही. लहानपणी मी एकदा काकांचं पोस्टकार्ड वाचलं तेव्हा बाबांनी मारलं नव्हतं, पण दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. मी तपासलेली पत्रं ते त्यांच्या जुन्या खाकी पिशवीत ठेवायचे. ती पिशवी दाराशेजारच्या खुंटीला असायची. ताई तिच्यावरची धूळ झटकायची, पिशवी धुवायचीसुद्धा, आतली पत्रं बाजूला काढून, उताणी नाही, पालथी ठेवून.

पहिली पन्नासेक पत्रं मी आवडीने तपासली. माय डिअर सन, आय अ‍ॅम वेल, सिस्टर इज वेल, टॅप इज नॉट वेल. नळ गळत होता. शेवटी नेहमी एकच ओळ, सहीच्या वर: प्लीज करेक्ट. पण माणसाचं मन किती हलकं असतं बघा. कचेरीत दिवसभर शब्द, घरी आल्यावर पुन्हा लिफाफ्यातून शब्द. मला कंटाळा येऊ लागला. मी वाचेनासा झालो. म्हणजे चुका दिसायच्या, पत्र दिसायचं नाही. टेबलावर पाकीट दिसलं की मी मनात सुस्कारा सोडायचो, आणि बायको म्हणायची, "अरे, वडील आहेत तुझे, वीज मंडळाचं बिल नाही." मग मी घड्याळ लावून दहा मिनिटांत तपासून टाकायचो. तर अशाच एका संध्याकाळी ते पत्र आलं. मला ते पाठ आहे. सहा वर्षं मी स्वतःला सांगत आलोय की पाठ नाही. यस्टरडे आय अ‍ॅम मिसिंग इन मार्केट. टू अवर. आफ्टर आय अ‍ॅम फाइंड. प्लीज करेक्ट. मी 'अ‍ॅम'च्या जागी 'वॉज' केलं. 'अवर'ला अनेकवचनाचा एस लावला. 'फाइंड' खोडून 'फाउंड' केलं. आणि 'मिसिंग'ला गोल करून समासात लिहिलं: क्रियापद सकर्मक आहे. कर्म कुठे आहे? कशाची आठवण येत होती? कुणाची? दहापैकी चार. चिडून दिलेले चार. तिकीट चिकटवलं आणि टाकलं पेटीत.

पुढच्या पत्रात त्यांनी कर्म घातलं. विद्यार्थी म्हणून ते फार आज्ञाधारक होते. आय अ‍ॅम मिसिंग यू इन मार्केट. आय अ‍ॅम मिसिंग यू निअर ओल्ड पोस्ट ऑफिस ऑल्सो. म्हणजे बाजारात मला तुझी आठवण येते, जुन्या पोस्टाजवळही येते. मी वाचलं आणि, आता हे लिहिताना कानशिलं गरम होतात, मला छान वाटलं. मी बायकोला बोलावून वाचून दाखवलं. "म्हातारा हळवा झालाय," असं म्हणालो, प्रेमाने. आठ गुण दिले आणि कडेला लिहिलं, शाब्बास. फक्त या क्रियापदाला आयएनजी नको, नुसतं 'आय मिस यू' असं लिहावं. एवढी आठवण येते म्हणतात तर उठून जावं, हे मात्र मला सुचलं नाही. रविवार माझा नव्हता. त्यानंतर त्या विषयावर त्यांनी पुन्हा काही लिहिलं नाही. एक वाक्य घेऊन माणूस दोनदा दारात आला, दोन्ही वेळा मी त्याचं व्याकरण दुरुस्त करून त्याला परत पाठवलं, तिसऱ्यांदा तो कशाला येईल? पोस्टातही दोनदा फेरी मारतात, मग पत्र माघारी जातं.

आठ महिन्यांनी बाबा नऊ तास सापडले नाहीत. शेवटी सापडले ते त्यांच्या जुन्या बीटवर, म्हणजे ज्या गल्ल्यांत ते चौतीस वर्षं पत्रं वाटत होते तिथेच, एका पाडलेल्या इमारतीच्या उरलेल्या पायऱ्यांवर बसलेले, आणि हातात घरातलं विजेचं बिल. ते त्यांना द्यायचं होतं आणि दार कुठे गेलं ते त्यांना कळत नव्हतं. मग दवाखाना, मग तपासण्या, मग डॉक्टर. डॉक्टर तरुण होता, मऊ बोलणारा. त्याने विचारलं, "पहिल्यांदा कधी जाणवलं?" ताई म्हणाली, "परवाच." तो म्हणाला, "आधी कधी रस्ता चुकणं, ओळखीच्या जागी गोंधळणं? सहसा आधी होतं. आठ-दहा महिने आधी कळलं असतं तर बराच फरक पडला असता." त्याने 'चुकणं' हा शब्द वापरला. आणि त्या क्षणी, एका श्वासाएवढा वेळ, मला ते निळ्या शाईतलं वाक्य दिसलं. दिसलं. बाबांनी माझा खिशातला कोश उघडला असणार, 'च' काढला असणार, 'चुकणे' शोधलं असणार. तिथे मी वीस वर्षांपूर्वी घाईघाईत एकच शब्द छापला होता: मिस. वाट चुकणे वेगळं द्यायला हवं होतं, जत्रेतलं चुकलेलं मूल वेगळं, पण पानं वाढतील म्हणून प्रकाशक नको म्हणाला आणि मीही नाद सोडला. मी बाजारात चुकलो. दोन तास. मग सापडलो. त्यांनी मराठीत नीट विचार केला होता आणि माझ्या कोशाने त्यांना जे दिलं ते लिहिलं होतं. चूक त्यांची नव्हतीच. हे सगळं मला त्या खुर्चीवर कळलं, आणि बाहेरच्या व्हरांड्यात आल्याबरोबर मी ताईवर ओरडलो. "तू चोवीस तास त्यांच्याबरोबर असतेस. तुझ्या लक्षात कसं आलं नाही?" समोरच्या बाकावरची माणसं बघायला लागली. ताई हातातल्या पिशवीचे बंद सारखे करत राहिली.

'आठवलं नाही' आणि 'आठवू दिलं नाही' ही दोन वेगळी क्रियापदं आहेत, आणि हे कळायला कोशकार असावं लागत नाही. त्या दिवसापासून ताईने माझं ते ओरडलेलं वाक्य उचललं. तिने नोकरी सोडली. भेटायला येईल त्याला ती सांगते, "माझ्याच लक्षात आलं नाही हो. समोर असून." मावशीला सांगितलं, शेजाऱ्यांना, इंजेक्शन द्यायला येणाऱ्या नर्सला. आणि मी तिथे बसून चहा पितो. एकदा मी म्हणालोसुद्धा, "जाऊ दे ताई, होतं असं." माफ केल्यासारखा. वर आणखी एक गोष्ट आहे. बाबांची वही. चुका दहादा लिहून काढायची. त्या वहीतलं एक पान ताईला आवडलं म्हणून तिने ते कापून बाबांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. आय मिस यू, आय मिस यू, आय मिस यू, दहा ओळी. वरच्या ओळी सरळ, खालच्या उतरत गेलेल्या. एवढं इंग्रजी ताईला येतं. कपाट उघडलं की ती म्हणते, "बघ पंडित, किती आठवण काढायचे तुझी. माझ्यासाठी एक ओळ नाही. बरोबरच आहे म्हणा, रोज समोर दिसणाऱ्याची कोण आठवण काढतंय?" हसून म्हणते. पाच वर्षं मी ते हसू घरी घेऊन जातोय.

तर त्या दिवशी कचेरीत बाईंनी पेन्सिलीने ते उदाहरण खोडलं, म्हणजे जे लिहिलंच नव्हतं त्याची जागा खोडली, आणि मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. रविवार नव्हता. बसमध्ये मी वाक्यं जुळवत होतो. माझ्याकडून एक गोष्ट राहून गेली. नको, पुन्हा राहून गेली. एक गोष्ट तुला सांगायची होती. होती कशाला, आहे. मला माहीत होतं. हे बरं, पण ते फार छोटं दिसत होतं, एवढ्या छोट्या वाक्यात शिरायला वाकावं लागलं असतं. मधल्या स्टॉपवर उतरावं असंही वाटलं. उतरलो असतो तर कचेरीत परत जाऊन पुढचं अक्षर, 'एन', सुरू केलं असतं आणि कुणाला काही कळलं नसतं. भीती मला ताईच्या रागाची नव्हती. राग आला असता तर बरंच झालं असतं. ती समजून घेईल, याची होती.

दार उघडून ताई म्हणाली, "आज कसा काय? बरा आहेस ना?" मी म्हणालो, बरा आहे. बाबा खिडकीजवळच्या टेबलाशी होते. ताई त्यांना जुनी पाकिटं देते आणि ते त्यांचे गठ्ठे लावतात, सकाळभर, मग ती पुन्हा मिसळून देते. त्यांनी मान वर करून मला नमस्कार केला, परक्याला करतात तसा, आणि पुन्हा कामाला लागले. ताई पलंगावर चादरींच्या घड्या घालत होती. मी बूट काढून तसाच उभा राहिलो. कपाटाचं दार उघडं होतं. ताईने माझ्या नजरेच्या रोखाने बघितलं आणि म्हणाली, "बघ, आलास की आधी तिकडेच बघतोस. आवडतं ना?"

"ताई, ते आठवण म्हणून लिहिलेलं नाहीये."

"मग कशाला?"

"मी दिलेली शिक्षा आहे ती. चूक दहादा लिहायची. आधी त्यांनी वेगळंच लिहिलं होतं. मी ते बदलायला लावलं."

ताई घडी घालत राहिली. मी खुंटीवरची खाकी पिशवी काढली. पत्रं तारखेने लावलेली होती, पोस्टमनच तो. मला शोधायला वेळ लागला नाही. लाल गोल अजून तसाच होता, जरा फिका. मी पत्र तिच्यापुढे धरलं, तिने हात मागे घेतला. "मी नाही वाचणार. त्यांचं आहे."

"त्यांनी मला कळवलं होतं, ताई. बाजारात वाट सापडली नाही म्हणून. तू म्हणतेस ना तुझ्या लक्षात आलं नाही? मला तर लिहून आलं होतं. मी त्याला चार गुण दिले." आणि मग ते छोटं वाक्य, वाकून. "मला माहीत होतं. दवाखान्यात तुला बोललो, तेव्हाही मला माहीत होतं. म्हणूनच बोललो."

तिच्या हातातली चादर अर्धी घडी झालेली होती. तिने विचारलं, "किती आधी?"

"आठ महिने."

ती हिशेब करत असावी, त्या आठ महिन्यांत काय काय झालं त्याचा. कुठल्या दिवशी ते भाजी आणायला गेले आणि उशिरा आले, आणि तिने नुसतं विचारलं असेल, गर्दी होती का? माझ्याकडे तिने बघितलं नाही. "म्हणजे त्यांना कळलं होतं," ती म्हणाली. "कळत होतं त्यांना. आणि मी पलीकडच्या खोलीत होते. मला का नाही सांगितलं?"

"तू घाबरशील म्हणून असेल."

"तुला सांगितलं," ती म्हणाली. यात आरोप नव्हता. तिला नुसतं वाईट वाटलं होतं, की सांगावंसं वाटलं ते मला. पाच वर्षं तिने त्यांना न्हाऊ घातलं, भरवलं, आणि या एका गोष्टीसाठी त्यांनी मला निवडलं, आणि मी त्याचं हे केलं. मला तिथून कुठेतरी जाऊन बसावंसं वाटलं, पण ते घर दोन खोल्यांचं आहे. ताईने चादर बाजूला ठेवली. पदराने नाही, हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसले आणि म्हणाली, "वाच. मला वाचून दाखव. मराठीत सांग. तुझं कामच आहे ना ते?"

मी पत्र उजेडाकडे धरलं. गंमत नव्हे, पण मला खरंच शब्द निवडता येईना. चौदा अर्थ माझे मीच पाडलेले. हरवलो? हरवते ती वस्तू, तिला कुणीतरी हरवतं. बेपत्ता? त्यात पत्ता नाही एवढंच कळतं. त्यांच्या मनातला शब्द एकच होता आणि तो मला पक्का माहीत होता. "काल," मी म्हणालो. "काल बाजारात." आणि पुन्हा कागदाकडे बघितलं. ताई वाट बघत होती. मग मी ते म्हणालो, जरा मोठ्यानेच निघालं.

"मी चुकलो."

ताईने माझ्याकडे बघितलं. ते मी वाचून दाखवलं की माझं मी बोललो, हे तिला कळलं नसावं, आणि विचारलं असतं तर मलाही सांगता आलं नसतं. तेवढ्यात खिडकीजवळची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बाबा उठले होते. हातातला गठ्ठा त्यांनी नीट खाली ठेवला आणि ते माझ्याजवळ आले, अगदी जवळ, आणि खालच्या आवाजात, चारचौघांत माझी शोभा होऊ नये अशा बेताने, म्हणाले, "चुकलात का?"

मी मान हलवली.

"घाबरू नका. होतं. पत्ता आहे का जवळ?"

त्यांनी जुन्या सवयीने माझ्या हातातला कागद घेऊन त्यावर पत्ता आहे का ते बघितलं. कागदावर लाल रेघा होत्या, त्यांनी तो माझा मलाच परत दिला. मग सदऱ्याच्या खिशात हात घालून एक कार्ड काढलं, प्लॅस्टिकमध्ये घातलेलं, कडा झिजलेल्या. ताईच्या अक्षरात लिहिलं होतं, हे आमचे वडील आहेत, चुकल्यास कृपया कळवावे. खाली पत्ता. त्याखाली एकच फोन नंबर, तिचा. ते कार्ड त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझी बोटं त्यावर मिटवली.

"हे ठेवा," बाबा म्हणाले. "आणि इथेच बसा, कुठे जाऊ नका. ती येते न्यायला." जरा थांबून, खात्री द्यावी म्हणून, पुन्हा म्हणाले, "ती येतेच."

पलंगावर ताईने तोंड चादरीत घातलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. बाबांनी त्यांची खुर्ची माझ्यापुढे ओढली. मी कार्ड हातात धरून त्या खुर्चीवर बसलो.